न कापलेला जोड

ओबरफाल्स गावात कोणी 'कासियान टेंगलर' अशी हाक मारली असती, तर खुद्द कासियाननेही मागे वळून पाहिलं नसतं. सगळे त्याला कासल म्हणत, आणि पाठीमागे इस्त्रीवाला. तीस वर्षं त्याने एकच काम केलं. शर्यतीत उतरणाऱ्या पोरींच्या स्कींच्या तळांना मेण लावायचं, इस्त्री फिरवून ते आत जिरवायचं, थंड झालं की खरवडायचं, ब्रश मारायचा, कडांना धार लावायची आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा पहिल्यापासून सुरुवात. त्याची बायको फिलोमेना चर्चबाहेर चार बायकांत सांगायची, "जगातल्या सगळ्या फळकुटांना इस्त्री करतो हा मेला. लग्नापासून माझ्या एका झग्याला केली असेल तर शपथ!" कासल हसायचा. हसला की त्याच्या मिशा हलायच्या, बाकी काही हलायचं नाही.

त्याचा बाप गवत वाहायच्या घसरगाड्या बनवायचा. बापामुळे त्याला लाकडाचा कान आला होता. स्कीवर बोटाची पेरं वाजवून तो सांगायचा, ही पळेल, ही झोपाळू आहे, हिला कुंपणाला लावा. टीव्हीवाल्यांना वाटतं शर्यत पोरी जिंकतात. पोरी जिंकतात हे खरंच आहे, जीव त्यांचाच टांगणीला असतो. पण एका सेकंदाचे शंभर तुकडे करून त्यातल्या दोन-तीन तुकड्यांवर सगळा निकाल लागतो, आणि ते दोन-तीन तुकडे मेणाच्या खोपटात, चिकट धुरात, कासलसारखे लोक गोळा करत असतात. त्यांचं नाव टीव्हीवर कोणी घेत नाही. घेतलंच तर पोरगी हरल्यावर.

कारखान्यातून एका वेळी वीस-वीस जोड यायचे. सगळे एका साच्यातले, आणि तरी त्यातला एखादाच पळायचा. का पळतो ते कारखान्यातल्या साहेबांनाही सांगता यायचं नाही. कासलच्या हाती तीस वर्षांत असा एकच जोड आला. अकरा नंबरचा. तो बुर्गल स्टेखरच्या पायात होता.

बुर्गल आमच्याच खोऱ्यातली, सगळ्यात वरच्या वाडीवरची. एकवीस वर्षांची, तोंडाळ, आणि उतारावर अशी बेदरकार की बघणाऱ्याने डोळे मिटावेत. हिंटरक्रॉइत्सच्या शर्यतीच्या आदल्या दिवशी सराव करून ती खाली आली आणि कासलला म्हणाली, "अरे कासल, या डावीकडे ओढतात." आमच्याकडे हजार मीटरच्या वर अहो-जाहो चालत नाही, पोरगी असो की पाद्री, अरे-तुरेच. कासलने कडांवरून नख फिरवून पाहिलं. सरळ होत्या. तो म्हणाला, "पळणारी स्की थोडी ओढतेच, बाई. तू घट्ट धर." दुसऱ्या दिवशी दाट ओला बर्फ होता, बाकीच्यांच्या स्की चिखलात रुतल्यासारख्या जात होत्या, आणि बुर्गल उतारावर मधे जिथे पहिली वेळ मोजतात तिथवर सगळ्यांच्या पुढे होती. तिथून तिसऱ्या वळणाला ती डावीकडे गेली. तिथे वळण उजवीकडे होतं. झाडांपाशी ती सापडली तेव्हा काही करण्यासारखं उरलं नव्हतं. स्की मात्र झाडांच्या अलीकडे बर्फात उभ्या सापडल्या. दोन्ही शेजारी शेजारी, नीट, घरात शिरण्यापूर्वी कोणी काढून ठेवाव्यात तशा.

आता आमच्या खोऱ्यातली रीत सांगायला हवी. उतारावर कोणी जिवाने गेलं, तर त्या दिवशी पायात असलेला जोड नऊ दिवसांच्या आत कापायचा. ज्याने त्याला मेण लावलं त्यानेच कापायचा. पुढची टोकं घरच्यांकडे जातात, दारावर लागतात. मागचे तुकडे चुलीत. असं का, हे कोणी विचारत नाही. जाणाऱ्याला परतीची वाट राहू नये म्हणून, असं म्हातारी माणसं म्हणायची.

कासलने आठव्या दिवशी करवत काढली. अकरा नंबरचा जोड बाकावर ठेवला. तळावर हात फिरवला. आणि त्याच्याने कापवेना. बुर्गलवर त्याचा जीव नव्हता असं नाही. पोटच्या पोरीसारखी होती. पण असा जोड पुन्हा हाती येणार नव्हता, आणि हे एका इस्त्रीवाल्यालाच कळतं. बाकी कोणाला ती दोन लांब फळकुटं दिसली असती. त्याने सहा नंबरचा जोड घेतला, त्याच रंगाचा, त्यावरचा आकडा खरवडला, तो कापला, आणि त्याची टोकं काळ्या कापडात गुंडाळून बुर्गलच्या आईला नेऊन दिली. अकरावर मेणाचा जाड थर चढवून त्याने त्याला तळघरात झोपवलं. आमच्या धंद्यात झोपवणं असंच म्हणतात: मेण पांघरून ठेवायचं, म्हणजे तळ सुकत नाही.

बुर्गलच्या आईने, स्टेखरणीने, टोकं दारावर लावली. दर वर्षी नोव्हेंबरात, मेलेल्यांच्या दिवशी, कबरस्तानाच्या फाटकाशी ती कासलला गाठायची आणि एकच वाक्य म्हणायची, "कासल, ही टोकं मुकी आहेत रे." तो टोपी काढायचा आणि चालायला लागायचा. 

तिसऱ्या वर्षीच्या शरद ऋतूत कासल झेंझीचं काम बघू लागला होता. झेंझी फ्लॉइरर, बावीस वर्षांची, शेजारच्या खोऱ्यातल्या सुताराची पोर. तिच्या अंगात बुर्गलचा बेदरकारपणा नव्हता, हट्ट होता, आणि हट्ट जास्त टिकतो. हिमनदीवरच्या पहिल्या सरावाला जायच्या आधी कासलने तळघरातले झोपवलेले जोड उठवायला घेतले. अकराला हात लावला आणि थबकला. जाड थर चढवला होता, बोटभर. आता डाव्या स्कीच्या आतल्या कडेला मेण उरलंच नव्हतं. तळ उघडा, घासलेला, चकचकीत. कोणी त्याच पायावर भार देऊन दिवसच्या दिवस उतरलं असावं तसा. बुर्गल डाव्या पायाच्या आतल्या कडेवर भार द्यायची, ती तिची खोडच होती.

"ओल आली असेल," कासल स्वतःशीच मोठ्याने म्हणाला. तळघर कोरडं ठणठणीत होतं. त्याने टोकांवरचा अकराचा आकडा खरवडून काढला, स्की गाडीत टाकल्या, आणि का टाकल्या हे स्वतःला विचारलं नाही.

चाचणी करायची पद्धत अशी. सरळ, साधा उतार निवडायचा. वर एक प्रकाशाची रेघ, खाली एक. गुडघ्यात वाकून, हात पुढे धरून, अंग न हलवता सरळ खाली यायचं. घड्याळ आपोआप वेळ दाखवतं. एकेका जोडावर दोन-दोनदा. कासल ही चाचणी स्वतः करायचा, सकाळी सगळ्यांच्या आधी. ऑक्टोबरात बर्फ कडक होता. बाकीचे जोड साडेतीसच्या आसपास आले. अकरा आला एकतीस-अठ्ठेचाळीसला. म्हणजे मागे. कासलला हायसं वाटलं. संपला, मेला, त्याने वहीत लिहिलं, आणि जरा वेळाने वाईटही वाटलं.

डिसेंबरात फ्रान्सला ताजा चिकट बर्फ होता. बाकीचे जोड तेहेतीसच्या वर. अकरा एकतीस-अठ्ठेचाळीस. त्याने घड्याळाची तार तपासली. पुन्हा उतरला. एकतीस-अठ्ठेचाळीस. सगळ्यांत वेगवान जोडापेक्षा पावणेदोन सेकंद पुढे! शर्यतीत एवढ्या फरकात आठ पोरी बसतात. त्याने वहीत आकडा लिहिला, नंबराच्या जागी नुसती रेघ ओढली, आणि झेंझीला चार नंबरचा जोड दिला. ती तिसरी आली. झेंझीच्या लेखी तिसरं येणं आणि घरी बसणं एकच.

जानेवारीत स्वित्झर्लंडला उतारच लांब होता. सगळे जोड छत्तीसच्या घरात. अकरावर उतरताना कासलने मुद्दाम अर्ध्यात उभं राहून अंगाने वारा अडवला, हात पसरले, वेग मोडला. वारा कानाशी नेहमीसारखा वाजत होता. खाली आला, वळून घड्याळाकडे पाहिलं. एकतीस-अठ्ठेचाळीस.

 आजूबाजूला कोणी नव्हतं. वर, जिथून तो आला होता तिथे, बर्फावर त्याच्या स्कीचा माग दिसत होता. अर्ध्यापर्यंत तो सरळ होता, आणि त्याने हात पसरले होते त्या जागेपासून खाली, डाव्या पायाचा माग उजव्याहून खोल गेला होता. कासलचा भार नेहमी उजवीकडे असतो. डावा गुडघा त्याचा वीस वर्षांपासून निकामी आहे.

त्याने वही मिटली. पण ट्रेनर झीगमारने ती आधीच पाहिली होती. झीगमार चांगला माणूस, फक्त घाईचा. "ही रेघ कोणती रे?" त्याने विचारलं. "एकतीस-अठ्ठेचाळीस? कासल, तू हा जोड कोणासाठी राखून ठेवलायस, स्वतःच्या वर्षश्राद्धासाठी?"

"तो पक्का नाही अजून."

"पक्का नाही! छत्तीसच्या बाजारात एकतीस आहे आणि म्हणे पक्का नाही. उद्या सरावाला तिच्या पायात दिसला पाहिजे."

कासलला नाही म्हणायला तोंड होतं, कारण नव्हतं. काय सांगणार? मेलेल्या पोरीचा जोड कापायचा सोडून लपवला, तिच्या आईला खोटी टोकं दिली, असं? त्याने अकराला मेण लावलं, आणि दुसऱ्या दिवशी झेंझी अकरावर उतरली.

पहिल्या वेळेपर्यंत ती बाणासारखी आली. फलकावर आकडा उमटला: ३१.४८. झीगमारने टाळी वाजवली. तिथून तिसऱ्या वळणाला झेंझी एकदम उभी राहिली, स्की आडव्या घातल्या, बर्फाचा फवारा उडवत थांबली. सगळे धावले. तिला काही झालं नव्हतं. चालत खाली आली, चेहरा पांढराफटक, पण डोळे चमकत होते.

"काय झालं?" झीगमारने विचारलं.

"काही नाही. ओढतात," ती म्हणाली. "कासल, या डावीकडे ओढतात."

कासलच्या तोंडात तेच वाक्य आलं होतं. पळणारी स्की थोडी ओढतेच, बाई. ओठांपर्यंत आलं होतं. जिभेवर त्याची चव त्याला लागली, आणि ती चव तीन वर्षांपूर्वीची होती. त्याने तोंड मिटलं. मग स्की तिच्या हातातून घेत म्हणाला, "जळलाय तळ. दुरुस्त होणार नाही. विसर."

"जळल्यावर एवढ्या पळतात? मग बाकीच्याही जाळ!" झेंझी म्हणाली. झीगमार खो खो हसला. कासल हसला नाही.

फेब्रुवारीत चार दिवस घरी आल्यावर त्याने खालचा खण उपसला. फिलोमेना दारात उभी राहून बघत होती. "काय हरवलंय?"  तळाशी हिंटरक्रॉइत्सच्या त्या शर्यतीचा निकालाचा कागद होता, चार घड्या घातलेला. त्याने तो त्या दिवसानंतर कधी उघडला नव्हता. बुर्गलच्या नावापुढे पहिल्या वेळेच्या रकान्यात आकडा होता, पुढचे दोन्ही रकाने कोरे. फिलोमेनाने त्याच्या खांद्यावरून वाकून वाचलं.

"एकतीस-अठ्ठेचाळीस," ती म्हणाली. "म्हणजे काय?"

"म्हणजे ती अजून तिथवरच येते," कासल म्हणाला. "रोज. तिथवर येते आणि पुढे..."  मग त्याने बायकोला सगळं सांगितलं, सहा नंबरच्या टोकांसकट. फिलोमेना चुलीशी गेली, कॉफीचं भांडं उतरवलं, पुन्हा चढवलं. तिला रडूही येत होतं आणि रागही.

"तीन वर्षं त्या बाईने दुसऱ्याच फळकुटाला मेणबत्ती लावली," ती म्हणाली. "काप. आत्ता काप, माझ्यासमोर."

"गाडी पुढे गेलीय. जोड गाडीत आहे."

"मग जिथे गाठ पडेल तिथे काप. आणि तोवर त्या सुताराच्या पोरीला त्याच्या जवळपास फिरकू देऊ नकोस. ऐकतोयस ना?"

तो ऐकत होता. पण गाडी गाठल्यावर त्याने कापलं का? नाही. एकदा करवत घेतली, एकदा हात धुतले, एकदा झीगमार आला. माणूस स्वतःला सांगतो की उद्या करू, आणि त्या उद्यामध्ये त्याला वाटतं तेवढी लाज नसते. जोड गाडीच्या तळाशी, ब्लँकेटखाली पडून राहिला. कासल रोज सकाळी ब्लँकेट उचलून पाहायचा. रोज डाव्या आतल्या कडेवरचं मेण गेलेलं असायचं. तो पुन्हा लावायचा.

हंगामाची शेवटची शर्यत मार्चमध्ये, हिंटरक्रॉइत्सलाच होती. तोवर झेंझी गुणांत पहिली होती, आणि रेगुला आम्ष्टुट्स नावाची एक थंड डोक्याची स्विस पोर तिच्यामागे चार गुणांवर. हिशेब सोपा: रेगुलाच्या पुढे राहायचं, वर्षभराच्या विजेतीला मिळणारा काचेचा गोळा झेंझीचा. मागे पडायचं, तर रेगुलाचा. शर्यतीच्या सकाळी खिडक्या उघडल्या तर ओला, जड, हातभर बर्फ पडलेला. बर्फ दाबायचं मशीन फिरलं, माणसांनी पायांनी उतार तुडवला, तरी वरचा थर गोंदासारखा. कासलने पहाटेच चाचणी केली होती. चार नंबरचा जोड सगळ्यांत बरा होता, पण बरा म्हणजे नुसताच बरा. अकराला त्याने हात लावला नाही. लावायची गरजच नव्हती.

झेंझी मेणाच्या खोपटात आली ती दार आपटूनच. हातात ब्लँकेटात गुंडाळलेला जोड होता.

"जळला होता ना तळ?" ती म्हणाली. "मी बघून आले. आरशासारखा आहे. तू माझ्याशी खोटं बोललास, कासल."

"बोललो."

"का?"

कासलने इस्त्री खाली ठेवली. "तो बुर्गलचा आहे."

"मला काय दूधपितं पोर समजतोस?" ती म्हणाली. "ते सगळ्या पोरींना माहीत आहे. नंबर खरवडला म्हणजे स्की बदलते का? जानेवारीतच ओळखला मी. मला घाबरायला वेळ नाही. डावीकडे ओढतात, तर मी उजवीकडे धरीन. आठ महिने मी त्या गोळ्यासाठी ओकेस्तोवर पळलेय. माझा बाप खाली उभा आहे. आज तो बर्फ बघ आणि मला सांग, चार नंबरवर मी रेगुलाला हरवीन? सांग, माझ्या डोळ्यांत बघून सांग."

कासलने तिच्या डोळ्यांत पाहिलं. "सांगता येत नाही," तो म्हणाला. खोटं पुरेसं बोलून झालं होतं.

"अकराने?"

"तिथवर सगळ्यांच्या पुढे असशील. पहिल्या वेळेपर्यंत."

"आणि पुढे?"

कासलने शेकोटीत एक लाकूड सारलं.  मग ती म्हणाली, "पुढचं माझं मी बघीन. चाळीस मिनिटांनी वर अकरा घेऊन ये. नाही आणलास तर झीगमारला सांगून तुला आजच घरी पाठवते." आणि जोड तिथेच टाकून गेली.

कासलने आतून कडी लावली. ब्लँकेट उचललं, जोड बाकावर ठेवला, शिकंज्यात आवळला.  त्याला शर्यतीची भीती नव्हती, नोकरीची नव्हती. अजूनही, या क्षणीही, त्याला तो तळ सुंदर दिसत होता, आणि त्याचीच त्याला भीती वाटली. त्याने मोठ्याने म्हटलं, "बुर्गल, माफ कर. तू सांगितलंस, मी ऐकलं नाही." आणि करवत लावली.

उजवी स्की नेहमीसारखी कापली गेली, पोलादी कडेला दात अडकत, करकरत. डावीला करवत लागली आणि खोपटात आवाज सुरू झाला. तो करवतीचा नव्हता. कासलने तो आवाज तीस वर्षं ऐकला होता: कडक उतारावर पूर्ण वेगात सुटलेल्या स्कीचा बारीक, ताणलेला सूं. शिकंज्यात आवळलेल्या, जागच्या जागी असलेल्या स्कीतून तो येत होता, चढत होता, जवळ येत होता. कासलने हात थांबवला नाही. शेवटचा धागा तुटला तेव्हा आवाज बंद झाला. विझला नाही, मावळला नाही, मधेच तुटला. स्की तापली होती. त्याने हात लावला आणि पटकन काढला.

टोकं त्याने स्टेखरणीसाठी आपल्या पिशवीत घातली. मागचे तुकडे शेकोटीत कोंबले. मग घड्याळ पाहिलं, चार नंबरचा जोड घेतला, आणि सोळा मिनिटांत त्या जोडावर जेवढी कारागिरी त्याला येत होती तेवढी सगळी ओतली.

वर, सुरुवातीच्या खोपटात, झेंझी नवव्या नंबरला होती. रेगुला सातवी उतरून गेली होती आणि तिची वेळ चांगली होती, फार चांगली. झेंझीपुढे एकच जण उरलेली असताना कासल गुडघ्यावर बसून तिच्या बुटांचे तळ पुसू लागला. मग स्की ठेवल्या. तिने खाली पाहिलं. टोकावर चारचा आकडा होता.

"अकरा कुठाय?" ती हळू आवाजात म्हणाली. तिथे मोठ्याने कोणी बोलत नाही.

"कापला."

तिच्या चेहऱ्यावर आधी काहीच उमटलं नाही. मग गालावर लाल डाग चढले. पुढची पोर सुटली. आता नंबर तिचाच. तिने बूट स्कीवरच्या बांधणीत ठोकले, एक, दोन. काठ्या घड्याळ सुरू करणाऱ्या दांडीपलीकडे रोवल्या. मग मान न वळवता म्हणाली, "खाली गेल्यावर तुला बघते."

"बघ," कासल म्हणाला. "ये आणि बघ."

घड्याळ टिकटिकलं आणि ती गेली.

वायरलेस खुंटीला लटकत होता. खालून माणूस आकडे सांगत होता, तसे तो दिवसभर सांगत होता, कंटाळलेल्या आवाजात. "नऊ नंबर, पहिली वेळ," तो म्हणाला, आणि जरा थांबला, बहुतेक त्याचाही विश्वास बसला नसावा. "एकतीस-अठ्ठेचाळीस. सगळ्यांच्या पुढे."

चार नंबरचा जोड या बर्फात एकतीस-अठ्ठेचाळीसला येणं शक्यच नव्हतं. हे फक्त कासलला माहीत होतं. त्याने हातातला कपडा घट्ट धरला. एक वळण. तो मनात मोजत होता. दुसरं वळण. तिसरं. वायरलेसमध्ये खरखर झाली आणि मग तीही गेली. सुरुवातीचा माणूस पुढच्या पोरीला म्हणाला, "थांब जरा." का म्हणाला?  तीन वर्षांपूर्वीही असंच म्हणाले होते.

"नऊ नंबर, दुसरी वेळ," वायरलेस बोलला. पुढचा आकडा त्याने ऐकलाच नाही. तो तिथेच, बर्फात, बसला. मग शेवटची वेळ आली: रेगुलापेक्षा सहा शतांश सेकंद मागे. खोपटातल्या माणसांनी चक् चक् केलं. कोणीतरी त्याच्या पाठीवर हात ठेवला. त्यांना वाटलं, म्हातारा गोळा गेला म्हणून बसला.

त्याने आपल्या जुन्या स्की घातल्या आणि कडेकडेने, जाळ्यांबाहेरून, खाली निघाला. तिसऱ्या वळणापाशी थांबला. थांबायचं नव्हतं त्याला, पण पाय थांबले. उतार सोडून डावीकडे ताज्या ओल्या बर्फात दोन स्कींचा माग गेला होता, सुबक, डावा खोल. त्या दिवशी तिथे कोणी पडलं नव्हतं, कोणी बाहेर गेलं नव्हतं. जाळी शाबूत होती, आणि माग जाळीच्या अलीकडून पलीकडे अखंड होता. पुढे झाडांमध्ये शिरला होता. परत आलेला नव्हता. कासलने टोपी काढली, जरा वेळ उभा राहिला, आणि खाली गेला.

खाली गर्दी रेगुलाभोवती होती. झेंझी कुंपणाशी एकटी उभी होती, शिरस्त्राण काढलेलं, केस घामाने चिकटलेले. तिचा बाप तिच्या मागे हातभर अंतरावर, काय करावं ते न कळून. कासलला पाहताच ती चालत आली, स्कीचे बूट दणदण वाजवत.

"सहा शतांश!" ती म्हणाली. "कुठे गेले माहितीय? तिसऱ्या वळणाला गेले. मी डावीकडे बघितलं. शर्यतीत कोणी बाजूला बघतं का? मी बघितलं! माझ्या बरोबरीने कोणीतरी उतरत होतं, वरपासून, खांद्याला खांदा लावून. मी पळत होते कारण ती पळत होती. आणि तिथे ती डावीकडे वळली आणि मी बघत राहिले, मूर्खासारखी. गोळा गेला. आठ महिने गेले. तो जोड पायात असता तर मी बघितलं नसतं, मी..."

ती थांबली. पुढचं वाक्य तिच्या तोंडाशी आलं आणि तिनेच ते गिळलं.  मग ती आणखी चिडली.

"तू ठरवणारा कोण? माझा बाप आहेस? तीन वर्षं लपवलास तो जोड, चोरासारखा, आणि आजच बरी तुला बुद्धी झाली! पुन्हा माझ्या स्कीला हात लावायचा नाहीस. कधीच नाही. इस्त्रीवाला म्हणे! जा, घरी जाऊन झगे इस्त्री कर!"

लोक वळून बघू लागले. झीगमार लांबून हात हलवत येत होता. तिचं सगळं खरं होतं, आणि कासलला त्यातल्या एकाही गोष्टीला उत्तर द्यायचं नव्हतं. बुर्गलच्या दिवशी याच कुंपणाशी, हातात कपडा घेऊन, तो लोक पांगेपर्यंत उभा राहिला होता. बुर्गलच्या टोमण्यांची तर ख्यातीच होती. हरली की ती त्याच्या सात पिढ्या काढायची. त्या दिवशी कोणी खाली आलं नाही, कोणी त्याला एक शब्द बोललं नाही.

झेंझीचा आवाज चिरकला होता, तरी ती बोलतच होती. कासलचे डोळे वाहू लागले आणि त्याने ते पुसले नाहीत.

"बोल, पोरी," तो म्हणाला. "अजून बोल."

ती बोलत राहिली, आणि तो टोपी हातात धरून ऐकत राहिला.